कार्टरबाईंचा थंडगार पाय

कुसुमने तो पदार्थ एकदाच खाल्ला होता, तोही उभ्याउभ्या, दोन घासांत.

कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले कार्टरसाहेब मुदत संपवून अमेरिकेला परत निघाले, तेव्हा त्यांच्या बाईंनी बंगल्यापुढच्या अंगणात कामगारांच्या घरच्या मंडळींना चहाला बोलावलं. सत्तावन्न सालचा फाल्गुन होता. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. वसाहतीत लावलेली झाडं अजून कमरेलाही आली नव्हती, आणि बार्शीहून नुकत्याच आलेल्या कुसुमला शेजारणींची नावंसुद्धा नीट पाठ झाली नव्हती. टेबलावर केळी होती, वेफर होते, केक होता, आणि एका पसरट काचेच्या बशीत काहीतरी काळसर, तुकतुकीत, वरून पांढरंशुभ्र फुललेलं ठेवलं होतं. कार्टरबाईंनी त्याचा त्रिकोणी तुकडा कापून स्वतःच्या हातानं कुसुमच्या बशीत घातला. कुसुमने चमचा तोंडात नेला, तर आधी चव कळलीच नाही, नुसता गारवा कळला. मग कोकोचा किंचित कडवटपणा आला, मग साखर, मग सायीचा मऊपणा, आणि अगदी शेवटी दाताखाली काहीतरी खुसखुशीत चुरलं. दुसऱ्या घासाला सगळं नीट लक्षात ठेवायचं असं तिनं ठरवलं, पण तो घासही तेवढ्यात संपला.

नाव विचारलं, तर बाई हसून काहीतरी लांबलचक बोलल्या. त्यातलं शेवटचं 'पाय' एवढंच कुसुमच्या हाती लागलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला, ज्योतीरामला, पाय खाल्ल्याचं सांगितलं. तो बूट काढत होता. त्यानं मान वर करून शांतपणे विचारलं, "कुणाचा?"

ज्योतीराम बार्शीच्या गिरणीत फिटर होता, तिथून इकडे आला. कारखान्यात त्याचं काम गारवा तयार करणाऱ्या यंत्रांवर होतं. दिवसभर त्याच्या हाताखाली मोठमोठे पंप धडधडत आणि नळ्यांवर हिम धरत असे, आणि घरी मात्र वैशाखात माठाच्या बुडाशी उरलेल्या पाण्यावर भागवायचं. कुसुमला या गोष्टीची गंमत वाटे. कारखान्यातलं काही घरी आणायचं नाही हा त्याचा नियम होता आणि ती त्याला तसं कधी विचारणारही नव्हती.

कार्टर मंडळी गेली, बंगल्याला कुलूप लागलं, आणि तो पदार्थही गेला असंच कुसुम धरून चालली होती. पण अक्षय्यतृतीयेच्या आसपास तिचा दूधवाला बदलला. नव्या रतिबाचं दूध घेऊन दारात येऊ लागल्या त्या गवराबाई. पन्नाशीच्या, काटक, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, गळ्यात तुळशीची माळ. माहेर-सासर दोन्ही चऱ्होलीकडचं. नवरा गेल्यापासून त्या पिंपरी गावठाणात भावाकडे, गेनबाकडे राहत आणि त्याच्या म्हशींचं दूध वसाहतीत घालत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बोलता बोलता त्या सहज म्हणून गेल्या, की याआधी दोन वर्षं त्या कार्टरबाईंच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या.

कुसुमच्या हातातलं पातेलं हिंदकळलं. दूध सांडलं तिकडे न बघता तिनं विचारलं, की मग तो काचेच्या बशीतला काळा पदार्थ त्यांनी पाहिला असेल.

"पाय व्हय? दर शनवारी व्हायचा. मीच की घोटायची."

मग उंबऱ्यावर बसून गवराबाईंनी सगळं सांगितलं. बिस्किटं फडक्यात बांधून लाटण्यानं कुटायची. त्यात लोणी कालवून बशीला हातानं थापायचं, कडेनं भिंत उचलायची. मग दूध, साखर, कोको, आणि पिवळा बलक असं मंद आचेवर घोटत राहायचं, पळीला जाड लेप बसेपर्यंत. ते गार करून बशीत ओतायचं आणि गारठ्याच्या कपाटात ठेवायचं. वरून साय फेटून लावायची. कपानं किती, चमच्यानं किती, हे त्या हाताच्या ओंजळीनं आणि बोटांच्या पेरांनी दाखवत होत्या. कुसुम दळणाच्या चिठ्ठीच्या मागं भराभर लिहून घेत होती.

लिहिता लिहिता तिनं विचारलं, की त्यांना स्वतःला तो कसा वाटायचा.

गवराबाईंचा हात माळेकडे गेला. "मला काय ठावं ताई. अंडं असायचं त्यात. मी माळकरी. वास मातर पाठ हाय."

कुसुमला आधी ते खरंच वाटेना. दोन वर्षं दर शनिवारी ज्या बाईनं तो घोटला, थापला, बशी धुऊन पुसून ठेवली, तिनं एकदाही बोट चाटलं नव्हतं. गवराबाई त्याचं फार दुःख करत नव्हत्या. बाई भली होती म्हणाल्या, दर वेळी माझ्यासाठी वेगळी केळी काढून ठेवायची. पण उठताना किटलीचं झाकण लावता लावता त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, की वर साय लावल्यावर तो दिसायचा मोठा देखणा.

तेवढ्यावर कुसुमच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दिवसभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिला एकच गोष्ट दिसत होती. अंडं काढून टाकलं तर? अंड्याचं काम म्हणजे दूध घट्ट करणं. मग आजारी माणसाला आरारुटाची लापशी देतो, तीही घट्टच होते की. दुसऱ्या दिवशी सकाळी गवराबाई यायच्या आधीच ती दारात उभी होती. आरारूट म्हटल्यावर गवराबाईंनी मापटं खाली ठेवलं, जरा विचार केला आणि सावकाश मान डोलावली.

कोकोचा डबा ज्योतीरामनं पुण्याच्या कॅम्पातून आणून दिला. बुधवारी दुपारी स्टोव्हवर पहिला प्रयोग झाला. आरारूट आधी गार दुधात कालवून घेतलं, म्हणून गुठळी झाली नाही. कोको मात्र हट्टी निघाला, दुधावर नुसता तरंगत राहिला. तेव्हा गवराबाईंनी तो साखरेबरोबर चमचाभर दुधात आधी घोटून घ्यायला लावला. रंग आला, वास आला. गवराबाई डोळे मिटून म्हणाल्या, "ह्योच." कुसुमने पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं, ओलं फडकं गुंडाळलं, पंख्यानं वारा घातला. संध्याकाळपर्यंत ते कोमट लापशीसारखंच राहिलं. चव चांगली होती, पण कापायचं म्हटलं तर वाटीनंच कापावं लागलं असतं.

ज्योतीरामनं दोन वाट्या संपवल्या. गवराबाईंनी मात्र चमचा परत केला. अर्धवट झालेलं खायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. इतके दिवस थांबले, आता पुरा झाला की त्याच दिवशी खाईन, असं त्यांनी सांगितलं आणि किटली उचलून गेल्या.

"थंडी पाहिजे याला," ज्योतीराम वाटी चाटून म्हणाला. "बाकी सगळं बरोबर आहे. नुसती थंडी पाहिजे."

आणि त्या रात्रीपासून कुसुमपेक्षा त्यालाच जास्त घाई झाली. त्यानं कॅलेंडरच्या जुन्या पानावर बर्फाच्या पेटीचं चित्र काढलं. वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं. चिंचवडच्या पत्रेवाल्याकडून आत बसेल असा जस्ताचा डबा करून घेतला. खोकं आणि डबा यांच्यामध्ये चार बोटं जागा सोडली होती, ती भरायला गवराबाईंनी गावातून भाताचं तूस आणलं, दोन पोती, डोक्यावर. ज्योतीराम ते मुठीमुठीनं ठासून भरत होता आणि कुसुमला समजावत होता, की गारवा आत ठेवायचा तर बाहेरची ऊब अडवायला हवी, आणि वितळलेलं पाणी साचू द्यायचं नाही. म्हणून बुडाशी भोक पाडून त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. बर्फात खडेमीठ घातलं की थंडी आणखी खाली उतरते, हेही त्यानं सांगितलं. कुसुमने त्याला घरी इतकं बोलताना लग्नापासून ऐकलं नव्हतं.

आता ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. क्वार्टरांची ओळ लहान, भिंती पातळ. शुक्रवारपर्यंत अख्ख्या ओळीला कळलं की बार्शीकरांकडे रविवारी पाय होणार आहे. शेजारच्या विमलबाई कुंपणापाशी आल्या. त्यांचे यजमान स्टोअरमध्ये होते, घरात सहा माणसं, आणि ओळीतल्या बायकांत त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनी कुसुमला बरंच काही विचारलं आणि एकही उत्तर त्यांना पटलं नाही. बिस्किटं कुटून परत त्यांचीच पोळी थापायची हे त्यांना खुळेपणाचं वाटलं. साहेबाची वस्तू साहेबाच्या कपाटात शोभते, वैशाखात आपल्याकडे दूध चार तास टिकत नाही तिथे हे काय उभं राहणार, असं म्हणून त्या आत गेल्या. कुसुमचे कान तापले. पण तिनं त्याच दुपारी त्यांना रविवारी पाच वाजता यायचं आमंत्रण देऊन टाकलं. बोलल्यावर तिला वाटलं, आता मागं फिरायची सोय उरली नाही, आणि तसं वाटल्यावर तिला उलट हुरूपच आला.

रविवारी ज्योतीराम पहिल्या गाडीनं पुण्याला गेला. बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी घ्यायची, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळायची आणि साडेनऊपर्यंत परत यायचं, असं ठरलं होतं. सायकल त्यानं पिंपरी स्टेशनवर लावून ठेवली होती. सातलाच कुसुमने कोकोचं दूध घोटून पाण्यात गार करत ठेवलं. आठला बिस्किटं कुटली. त्यात मिसळायला लोणी नव्हतं, तूप होतं. गवराबाईंनी तुपाच्या बरणीकडे शंकेनं पाहिलं. कार्टरबाई डबीतलं पिवळं लोणी घालायच्या, तुपानं भिंत उभी राहील की नाही ते त्यांना सांगता येईना.

साय होती. गवराबाईंनी आदल्या संध्याकाळचं आणि सकाळचं दूध तापवून, निववून, वरची जाड साय वाडगाभर जमवून आणली होती. कुसुमने घड्याळ पाहिलं. नऊ वाजत होते. अर्ध्या तासात बर्फ येईल, तोवर साय फेटून तयार ठेवली तर वेळ वाचेल, असा हिशेब तिनं मनातल्या मनात केला. गवराबाई तूस सारखं करायला बाहेर गेल्या होत्या. कुसुमने रवी हातात घेतली.

आधी साय सैल झाली, मग जरा फुगल्यासारखी वाटली. कुसुम खूष झाली आणि तिनं हात जोरात चालवला. पत्र्याचं छप्पर तापत चाललं होतं, तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. वाडग्यात एकाएकी आवाज बदलला, पाणी डुचमळल्यासारखा. तिनं रवी उचलली. रवीच्या पाकळ्यांना पिवळट गोळे चिकटले होते आणि खाली पातळ निळसर ताक उरलं होतं.

ती तशीच बसून राहिली. बार्शीला पाच वर्षांची असल्यापासून ती लोणी काढत आली होती. उन्हात साय घुसळली तर काय होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि तेच तिनं केलं होतं, आजच. गवराबाई आत आल्या तेव्हा तिला तोंड वर करवेना.

गवराबाईंनी वाडग्यात पाहिलं. लोण्याचा गोळा बोटांनी दाबून पाहिला. मग त्या हसायला लागल्या, अगदी मोकळ्या, दात दाखवून.

"अवो ताई, लोणी पायजे हुतं न्हवं आपल्याला? हे घ्या. बुडाला लावा."

कुसुमच्या मनात आधी ते शिरलंच नाही. शिरलं तेव्हा ती ताडकन उठली. लोणी धुतलं, चिमूटभर मीठ घातलं, कुटलेल्या बिस्किटांत कालवलं. मिश्रण मुठीत दाबलं की मुठीचा आकार धरू लागलं. अ‍ॅल्युमिनियमच्या खोलगट थाळीला गवराबाईंनी ते थापलं. कडेची भिंत उचलताना त्यांचे अंगठे असे सरकत होते, की त्या हातांना विचार करायची गरजच नव्हती. तुपाची बरणी परत फळीवर गेली.

पण साडेनऊ वाजून गेले, दहा वाजले, आणि ज्योतीरामचा पत्ता नव्हता. साडेदहाला कुसुम वसाहतीच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मुंबई रस्त्यावरून एक लॉरी गेली, दोन बैलगाड्या गेल्या. ऊन रस्त्यावर नाचत होतं. प्रत्येक मिनिटाला लादीचा एकेक तुकडा कमी होतोय असं तिला दिसत होतं. अकराला तिला तो दिसला. सायकलीवर बसलेला नव्हता, सायकल धरून पळत येत होता. कॅरिअरवर पोतं बांधलं होतं, त्यातून धार लागली होती आणि पोत्याभोवती त्याचा सदरा गुंडाळलेला होता. तो स्वतः बनियनवर होता.

पेटीपाशी धापा टाकत त्यानं सांगितलं, की रुळांचं काम चाललं होतं म्हणून खडकी आणि दापोडीच्या मधे गाडी तासभर उभी राहिली. डब्यात भट्टी झाली होती. बाकाखाली बर्फ आहे हे कळल्यावर समोरच्या चौघांनी चपला काढून पोत्याला पाय लावले, एक म्हातारा तर त्यावर बसायलाच निघाला होता. शेवटी ज्योतीराम पोतं पोटाशी धरून दारापाशी सावलीत उभा राहिला. लादी निघाली होती तेव्हा पाटाएवढी होती. भुसा झटकला तेव्हा उशीएवढी उरली होती.

"पुरेल," तो म्हणाला. "हात चालवा मात्र."

तिघंही लगेच कामाला लागली. ज्योतीरामनं वरवंट्यानं बर्फ फोडला, कुसुमने खडेमीठ पसरलं. एक थर बर्फ, एक थर मीठ, वर थाळी. गवराबाईंनी गार झालेलं कोकोचं दूध हलक्या हातानं बिस्किटांच्या भिंतीच्या आत ओतलं, आणि ते काठापासून बोटभर खाली थांबलं. ज्योतीरामनं झाकण लावलं, वर गोधडी टाकली आणि बजावलं की चार वाजेपर्यंत कुणीही उघडून पाहायचं नाही. बर्फाचा एक मोठा तुकडा त्यानं वेगळ्या पोत्यात भुशात पुरून ठेवला, सायीसाठी.

आणि साय कुठे होती? गवराबाईंनी आणलेली सगळी बुडाला लागली होती. म्हशी संध्याकाळी पिळायच्या, दूध तापायचं, निवायचं, म्हणजे पाच वाजता काही होणार नव्हतं. कुसुमने कुंपणापलीकडे पाहिलं. ओळीत सगळ्यांत जास्त दूध घेणारं घर एकच होतं.

विमलबाई तांदूळ निवडत होत्या. कुसुमने काही लपवलं नाही. उतावळेपणानं साय घुसळली, लोणी झालं, आता वर लावायला काही नाही, सकाळच्या दुधाची साय असेल तर द्या, पुढचे दोन दिवस माझ्या रतिबातलं दूध तुम्ही घ्या, असं एका दमात सांगून टाकलं. विमलबाईंनी सूप खाली ठेवलं. मग उठल्या, शिंकाळ्यावरचं पातेलं उतरवलं आणि त्यावरची साय पाहून स्वतःशीच मान हलवली.

"देते," त्या म्हणाल्या. "पण रवी मी धरणार. तुझा हात उतावळा आहे."

चार वाजता विमलबाई साय आणि स्वतःची रवी घेऊन आल्या. त्यांच्यामागं त्यांच्या दोन सुना आल्या, त्यांच्यामागं ओळीतल्या आणखी काही जणी. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. ज्योतीरामनं परातीत बर्फ फोडून त्यावर पातेलं बसवलं. साय मलमलीच्या फडक्यातून गाळून घेतली, पिठीसाखर घातली आणि ती हाताला बोचेल इतकी गार होईपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. मग विमलबाई पाटावर बसल्या, पदर खोचला आणि रवी तळव्यांत धरली.

त्यांचा हात संथ होता, एका लयीत चालणारा. गवराबाई समोर उकिडव्या बसल्या होत्या, नजर पातेल्यावरून हलत नव्हती. साय सैल झाली. मग वाढायला लागली. पातेल्यात ती एक बोट वर आली, दोन बोटं आली, आणि रंग पांढरा, आणखी पांढरा होत गेला. कुसुम पुढे वाकली. याच्यापुढे काय होतं ते तिनं सकाळीच पाहिलं होतं, आणि ते केव्हा होतं ते तिला आधी कळलं नव्हतं. रवीच्या फिरण्याच्या खुणा सायीत उमटायला लागल्या. उमटत, आणि बुजत. उमटत, आणि जरा उशिरानं बुजत.

"थांबा," गवराबाई म्हणाल्या.

विमलबाईंचे हात चालूच राहिले. "अजून लोणी कुठं आलंय?"

"लोणी यायच्या आदीच थांबायचं असतंय. बास."

विमलबाई थांबल्या. जन्मभर जे हात लोणी येईपर्यंत थांबले नव्हते, ते त्यांनी जोर करून थांबवले, हे सगळ्यांना दिसलं. त्यांनी रवी हळूच वर उचलली. तिच्या टोकाशी साय उभी राहिली, शेंडा किंचित वाकला आणि तसाच राहिला. खोलीत कुणीतरी श्वास सोडला. विमलबाई त्या शेंड्याकडे बघत राहिल्या. घरात इतकी साय झाली आणि हे कधी पाहिलं नाही, असं काहीसं त्या पुटपुटल्या.

मग गोधडी निघाली आणि झाकण उघडलं. आतून धुरासारखी पांढरी वाफ वर आली, तशा पुढच्या बायका मागं सरकल्या. थाळीवर बाहेरून दव धरलं होतं. कुसुमने दोन्ही हातांनी ती उचलली, आणि बोटं बधिर झाली तरी सोडली नाही. वरचा पृष्ठभाग काळाभोर, गुळगुळीत होता. तिनं थाळी जराशी कलती केली. काही वाहिलं नाही. गवराबाईंनी साय पसरली, कार्टरबाई करत तशी, उलथण्याच्या टोकानं लाटा उठवत. कुसुमने सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली आणि कापली. पहिला तुकडा काढताना बिस्किटांची भिंत एका कोपऱ्यात तुटली. पण बशीत ठेवल्यावर तुकडा उभा राहिला. तीन थर, एकावर एक, स्वच्छ दिसत होते.

ती बशी कुणाला द्यायची याबद्दल खोलीत कुणाच्या मनात शंका नव्हती. विमलबाईंनी स्वतः सरकून जागा करून दिली.

गवराबाईंनी हात धुतले, पुसले, आणि बशी मांडीवर घेतली. लगेच खाल्लं नाही. आधी नाकाशी नेऊन वास घेतला. मग चमच्यानं टोक तोडून तोंडात घातलं. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले, गारठा दाढेला लागला असावा, आणि त्यांनी गालावर हात धरला. सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी घास जिभेवर फिरवला, गिळला, आणि बशीकडे अविश्वासानं पाहिलं.

"कडू हाय की वाईच," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं नुसता ग्वाड असंल. पेढ्यावानी."

कुसुमचा चेहरा उतरला. तिनं साखर कमी पडली का असं विचारलं. पण गवराबाई तोवर दुसऱ्या घासावर होत्या, मग तिसऱ्यावर, आणि मान हलवत होत्या. नाही, साखर बरोबर होती. इतके दिवस त्यांनी मनात जो करून ठेवला होता तो वेगळा होता, एवढंच. आणि हा त्याहून चांगला होता, कडूमागून गोड येतं म्हणून. चौथ्या घासाला बिस्किटांचा चुरा दाताखाली आला आणि त्या हसल्या. सकाळचं लोणी होतं ते.

बाकीचे तुकडे किती लहान कापले आणि कुणाकुणाला पुरले हे नंतर कुणाला नीट सांगता आलं नाही. विमलबाईंनी आपला घास उभ्यानं खाल्ला, उरलेल्या तुकड्याची बशी घेऊन घरी गेल्या, आणि रिकामी बशी घेऊन परत आल्या, कारण यजमानांनी आणखी आहे का विचारलं होतं. ज्योतीराम तळाच्या नळीतून गळणारं पाणी किती थंड आहे ते ज्याला त्याला बोट लावून बघायला सांगत होता. कुसुमच्या स्वतःच्या वाट्याला कडेचा चुरा आणि चमचाभर साय आली. ते स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून तिनं खाल्लं आणि हसू आवरेना म्हणून तोंड भिंतीकडे केलं.

एक तुकडा तिनं आधीच बाजूला काढला होता, गेनबासाठी. म्हशींच्या गोठ्यात पसरायचं दोन पोती तूस पेटीत गेलं तरी त्यानं कुरकुर केली नव्हती. ज्योतीरामनं तो डब्यात घातला, डबा बर्फाच्या उरलेल्या चुऱ्यात ठेवला, आणि सगळं किटलीत बसवून झाकण घट्ट लावलं. गावठाण वीस मिनिटांवर होतं. ऊन कललं होतं, पण रस्त्यातून अजून झळ येत होती. सायकलवर सोडतो असं तो म्हणाला, पण गवराबाईंनी ऐकलं नाही. सायकलीच्या हिसक्यांनी भिंत मोडेल, म्हणाल्या.

कुसुम पायरीवर उभी राहून बघत होती. फाटकापर्यंत गवराबाई झपझप चालत गेल्या, किटली दोन्ही हातांनी पोटाशी धरून. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी एकदा वर सूर्याकडे पाहिलं, पदर तोंडात धरला आणि त्या धावायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मापताना त्यांनी सांगितलं. साय बसली होती, पण बाकी सगळं शाबूत पोचलं होतं. गेनबानं गोठ्यातच उभ्यानं खाल्लं, आणि पेटीला अजून तूस लागेल का ते विचारून यायला सांगितलं होतं.